मिखाईल त्स्वेत

मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत (जन्म : आस्ती, इटली, १४ मे १८७२, मृत्यू : वोरोनेझ, रशिया, २६ जून १९१९) हे एक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. काचेच्या नळीत बारीक भुकटी घट्ट भरून तिच्यातून द्रावण झिरपवायचे आणि त्यातील घटक पदार्थ एकमेकांपासून वेगळे करायचे, ही पद्धत त्यांनी शोधून काढली. तिला त्यांनी क्रोमॅटोग्राफी असे नाव दिले. मराठीत या पद्धतीस वर्णलेखन म्हणतात. कार्बनी संयुगे शुद्ध करण्यासाठी आज जगभरच्या प्रयोगशाळांत स्तंभ वर्णलेखन रोज वापरले जाते.

या पद्धतीत नळीतील भुकटीला स्थिर प्रावस्था आणि तिच्यातून वाहणाऱ्या द्रावकाला चल प्रावस्था म्हणतात. त्स्वेत यांच्या कार्याचे महत्त्व नळी आणि भुकटी यांची जोडणी करण्यापुरते मर्यादित नाही. कोणत्या पदार्थासाठी कोणती भुकटी योग्य, हा प्रश्न त्यांनी सर्वप्रथम पद्धतशीरपणे विचारला आणि शंभराहून अधिक भुकट्या तपासून त्याचे उत्तर शोधले. त्यांच्या हयातीत या कामाकडे बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी संशयाने पाहिले. मृत्यूनंतर सुमारे बारा वर्षांनी, १९३१ मध्ये, हीच पद्धत पुन्हा प्रकाशात आली आणि नंतर ती कधीच मागे पडली नाही.

जन्म आणि बालपण

त्स्वेत यांचे वडील सेम्योन निकोलायेविच हे रशियन सरकारी सेवेतील अधिकारी होते, तर आई मारिया या इटालियन वंशाच्या होत्या. आई-वडील प्रवासात असताना उत्तर इटलीतील आस्ती या गावी मिखाईल यांचा जन्म झाला. जन्मानंतर थोड्याच काळात आईचे निधन झाले. वडिलांना नोकरीनिमित्त रशियात परतावे लागले आणि तान्ह्या मुलाला स्वित्झर्लंडमध्ये ठेवण्यात आले. लोझान आणि जिनिव्हा या शहरांत ते लहानाचे मोठे झाले.

त्यामुळे त्यांचे शिक्षण फ्रेंच भाषेच्या वातावरणात झाले. पुढे त्यांनी फ्रेंच, जर्मन आणि रशियन या तिन्ही भाषांत शास्त्रीय लेखन केले. जन्म इटलीत, शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये आणि नागरिकत्व रशियाचे, अशी त्यांची स्थिती होती. ज्या देशाचे ते नागरिक होते, तो देश त्यांनी खऱ्या अर्थाने पाहिला तो वयाच्या चोविसाव्या वर्षानंतरच.

जिनिव्हातील शिक्षण

१८९१ मध्ये त्स्वेत यांनी जिनिव्हा विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांनी भौतिकी, गणित आणि वनस्पतिशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. १८९३ मध्ये ते पदवीधर झाले आणि १८९६ मध्ये वनस्पतींच्या पेशींच्या शरीरक्रियाविज्ञानावरील प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. पेशीतील हरितकणूंची रचना कशी असते आणि त्यांतील हरितद्रव्य कशाशी कसे बांधलेले असते, हा प्रश्न याच काळात त्यांच्या मनात रुजला. पुढील सारे आयुष्य ते एका अर्थी याच प्रश्नाचे उत्तर शोधत राहिले.

रशियात आगमन

डॉक्टरेट मिळाल्यानंतर १८९६ मध्येच ते रशियात आले. येथे त्यांना पहिला धक्का बसला. रशियन विद्यापीठांत शिकवण्यासाठी परदेशी पदवी ग्राह्य धरली जात नसे. रशियातच आधी मॅजिस्टर आणि मग डॉक्टर अशा दोन्ही पदव्या पुन्हा मिळवणे आवश्यक होते. त्यामुळे डॉक्टर असलेल्या या तरुणाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी विज्ञान अकादमीच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत काम केले. प्योत्र लेसगाफ्त यांच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेशीही त्यांचा संबंध आला. १९०१ मध्ये कझान विद्यापीठाने हरितकणूंच्या भौतिक-रासायनिक रचनेवरील प्रबंधाबद्दल त्यांना मॅजिस्टर ही पदवी दिली. जानेवारी १९०२ मध्ये ते वॉर्सा येथे गेले. त्या काळी पोलंडचा हा भाग रशियन साम्राज्यात होता आणि तेथील विद्यापीठाचे माध्यम रशियन होते. वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानाच्या विभागात ते साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम याच शहरात झाले.

पानांच्या रंगाचे कोडे

पानाचा हिरवा रंग एकाच द्रव्याचा असतो की अनेक द्रव्यांच्या मिश्रणाचा, हा वाद एकोणिसाव्या शतकात चालू होता. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८६४ मध्येच वर्णपटाच्या आधारे हे मिश्रण आहे असे मत मांडले होते. पण त्यातील घटक मूळ स्वरूपात सुटे करून दाखवणे कोणाला जमले नव्हते. ही रंगद्रव्ये नाजूक असतात. आम्ल, अल्कली, उष्णता किंवा प्रकाश यांमुळे ती सहज बदलतात. त्यामुळे रसायनशास्त्रातील नेहमीच्या रीतीने ती वेगळी करू गेल्यास हाती येणारा पदार्थ पानातला मूळ पदार्थ आहे की प्रक्रियेत तयार झालेला नवा पदार्थ, याची खात्री देता येत नसे.

त्स्वेत यांचे लक्ष एका साध्या निरीक्षणाकडे गेले. पाने वाटून अल्कोहोलात किंवा ॲसिटोनमध्ये टाकली की सर्व रंग सहज उतरतो. तीच पाने शुद्ध पेट्रोलियम ईथरमध्ये टाकली तर द्रावक जेमतेम पिवळसर होतो. त्यात फक्त कॅरोटीन उतरते आणि पाने हिरवीच राहतात. यावरून हिरवी द्रव्ये पेट्रोलियम ईथरमध्ये विरघळत नाहीत असा निष्कर्ष काढावासा वाटेल. पण अल्कोहोलात उतरलेला रंग सुकवून त्यावर पेट्रोलियम ईथर घातले, तर तो पूर्णपणे विरघळतो. पानावर टाकलेल्या पेट्रोलियम ईथरमध्ये थोडेसे अल्कोहोल मिसळले, तरीही हिरवा रंग उतरू लागतो.

म्हणजे अडचण विद्राव्यतेची नव्हती. पानाच्या ऊतीने ही द्रव्ये आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवली होती, आणि अल्कोहोल ती पकड सोडवत होते. पृष्ठभागावर चिकटून राहण्याच्या या क्रियेस अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण. अधिशोषणात पदार्थ आत शिरत नाही, केवळ पृष्ठभागावर धरला जातो.

हा तर्क तपासण्यासाठी त्स्वेत यांनी पानाऐवजी गाळण कागद घेतला. रंगद्रव्यांचे द्रावण कागदावर सुकवले आणि मग त्यावर पेट्रोलियम ईथर घातले. कागद हुबेहूब पानासारखा वागला. कॅरोटीन निघून गेले, बाकीचे रंग राहिले आणि अल्कोहोलाचा अंश मिसळताच तेही सुटले. जे कोडे जिवंत पेशीचे गूढ वाटत होते, ते निर्जीव कागदावरही दिसून आले. याचा अर्थ, योग्य पृष्ठभाग निवडला तर ही पकड माणसाला आपल्या कामासाठी वापरता येणार होती.

शंभराहून अधिक भुकट्या

यानंतर त्स्वेत यांनी एक चिकाटीचे काम हाती घेतले. कागदाप्रमाणे आणखी कोणते पदार्थ रंगद्रव्ये धरून ठेवतात हे पाहण्यासाठी त्यांनी शंभराहून अधिक पदार्थांच्या भुकट्या एकामागून एक तपासल्या. त्यांत मूलद्रव्ये होती, ऑक्साइडे होती, अनेक क्षार होते आणि साखर व इन्युलिन यांसारखे कार्बनी पदार्थही होते. जवळजवळ प्रत्येक भुकटी कमी-अधिक प्रमाणात रंग धरते, असे त्यांना आढळले. फरक होता तो पकडीच्या जोरात आणि स्वभावात.

२१ मार्च १९०३ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार ८ मार्च) वॉर्सा येथील निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत त्यांनी या संशोधनावर व्याख्यान दिले. अधिशोषणाचा एक नवा प्रकार आणि जीवरासायनिक विश्लेषणात त्याचा उपयोग, हा त्या व्याख्यानाचा विषय होता. वर्णलेखनाचा आरंभ अनेक इतिहासकार या दिवसापासून मानतात. मात्र व्याख्यान रशियन भाषेत, एका स्थानिक संस्थेच्या कार्यवृत्तात छापले गेल्याने पश्चिम युरोपातील रसायनशास्त्रज्ञांपर्यंत ते फारसे पोहोचले नाही.

१९०६ मधील निबंध आणि स्तंभाची पद्धत

१९०५ च्या क्रांतिकाळात वॉर्सा विद्यापीठातील अध्यापन बंद पडले. पुढील वर्षी, १९०६ मध्ये, त्स्वेत यांनी जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध केले. क्रोमॅटोग्राफी आणि क्रोमॅटोग्राम हे शब्द प्रथम याच निबंधांत आले.

त्यांची कृती थोडक्यात अशी होती. अरुंद काचनळीच्या तळाशी कापसाचा बोळा बसवून तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूच्या जातीची, अतिशय बारीक आणि कोरडी पूड ठासून भरायची. भरताना पुडीत पोकळी किंवा चीर राहू द्यायची नाही, कारण तसे झाल्यास द्रावण आडवाटेने निसटते आणि रंगांचे पट्टे वाकडे होतात. पानांचा अर्क अल्कोहोलमिश्रित पेट्रोलियम ईथरमध्ये काढायचा आणि पाण्याने धुऊन त्यातील अल्कोहोल काढून टाकायचे. नाहीतर तेच अल्कोहोल रंगांना पुडीवर टिकू देणार नाही. हा अर्क स्तंभाच्या माथ्यावर ओतायचा आणि मागोमाग शुद्ध द्रावक सोडत राहायचे.

द्रावक खाली उतरू लागला की सुरुवातीस माथ्यावर एकवटलेला हिरवा थर हळूहळू उलगडतो. ज्या द्रव्यावर भुकटीची पकड सैल असते, ते पुढे जाते. ज्यावर ती घट्ट असते, ते मागे राहते. कॅरोटीनवर पकड सर्वांत सैल असल्याने ते सर्वांत आधी खाली येते. वरच्या भागात पिवळसर हिरवे हरितद्रव्य आणि त्याखाली निळसर हिरवे हरितद्रव्य असे दोन वेगळे पट्टे दिसतात. त्यांच्या वर आणि खाली झँथोफिल गटातील पिवळ्या द्रव्यांचे पट्टे असतात. मिश्रणाचा असा वर्णपट्टा नळीत उमटला म्हणून त्याला त्यांनी क्रोमॅटोग्राम म्हटले. शेवटी पुडीचा स्तंभ नळीतून अखंड बाहेर ढकलायचा, चाकूने पट्टे कापून वेगळे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यातील द्रव्य अल्कोहोलाने सोडवून घ्यायचे.

भुकटीच्या निवडीविषयीही त्यांनी याच निबंधात स्पष्ट मत दिले. वापरलेल्या द्रावकात न विरघळणारी कोणतीही पूड तत्त्वतः चालते. पण अनेक पुडी रंगद्रव्यांवर रासायनिक क्रिया करतात. म्हणून निवडलेला पदार्थ रासायनिकदृष्ट्या उदासीन असावा आणि शक्य तितका बारीक असावा. कॅल्शियम कार्बोनेट, इन्युलिन आणि पिठीसाखर हे पदार्थ त्यांना पसंत पडले. कॅल्शियम कार्बोनेटवर पट्टे सर्वांत सुरेख उमटतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

१९०७ मध्ये बर्लिन येथे जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या सभेत त्यांनी ही पद्धत प्रत्यक्ष करून दाखवली. त्याच वर्षी त्यांचा हेलेना त्रुसेविच यांच्याशी विवाह झाला. १९०८ पासून ते वॉर्सा येथील तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले.

विरोध आणि मतभेद

त्स्वेत यांच्या निष्कर्षांना तीव्र विरोध झाला. क्राकूव येथील रसायनशास्त्रज्ञ लेओन मार्खलेव्स्की यांनी त्यांच्या पद्धतीवर आणि निष्कर्षांवर कडक टीका केली. गाळण्यासारख्या साध्या क्रियेने इतका गहन प्रश्न सुटू शकतो, हे त्यांना मान्य नव्हते. त्या काळच्या रसायनशास्त्रात पदार्थ शुद्ध असल्याचा पुरावा म्हणजे त्याचे स्फटिक आणि त्याचे मूलद्रव्यीय विश्लेषण. त्स्वेत दाखवत होते ते नळीतील रंगाचे पट्टे. ते शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि रसायनशास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेरचे होते, हेही त्यांच्या विरोधात गेले.

हरितद्रव्यावरील त्या काळातील सर्वांत मोठे संशोधक रिखार्ड विल्श्टेटर यांनीही त्स्वेत यांच्या पद्धतीवर भरवसा ठेवला नाही. भुकटीच्या संपर्कात हरितद्रव्य बदलत असावे, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. विल्श्टेटर आणि त्यांचे सहकारी आर्थर श्टोल यांनी वापरलेला अधिशोषक अधिक तीव्र स्वभावाचा असल्याने त्यांच्या हाती बदललेले द्रव्य आले, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. ही शंका सर्वस्वी निराधार नव्हती. चुकीची भुकटी वापरली तर नाजूक रंगद्रव्य खरोखरच बिघडते. पण हाच इशारा त्स्वेत यांनी स्वतः आधी दिला होता. दोष पद्धतीचा नव्हता, तो निवडीचा होता.

पुढे विल्श्टेटर यांनी भिन्न द्रावकांमध्ये वाटणी करण्याच्या आपल्या वेगळ्या पद्धतीने हरितद्रव्याचे अ आणि ब हे दोन प्रकार असल्याचे सिद्ध केले. त्स्वेत यांनी नळीत पाहिलेले दोन हिरवे पट्टे यामुळे खरे ठरले. वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या, विशेषतः हरितद्रव्याच्या संशोधनासाठी १९१५ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार विल्श्टेटर यांना मिळाला.

ग्रंथ आणि सन्मान

१९१० मध्ये त्स्वेत यांचा वनस्पती व प्राणी यांच्यातील रंगद्रव्यांवरील विस्तृत ग्रंथ वॉर्सा येथे रशियन भाषेत प्रसिद्ध झाला. तोच प्रबंध म्हणून सादर करून त्यांनी त्या वर्षी रशियन डॉक्टर पदवी मिळवली. जिनिव्हात ज्या दर्जाची पदवी त्यांना २४ व्या वर्षी मिळाली होती, ती रशियात मिळण्यासाठी आणखी १४ वर्षे जावी लागली. या ग्रंथाबद्दल १९११ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने त्यांना अखमातोव पारितोषिक दिले. कॅरोटीन आणि त्याच्या नात्यातील द्रव्यांच्या समूहाला कॅरोटिनॉइड हे नावही त्यांनी १९११ मध्ये सुचवले. हे नाव आजही रूढ आहे.

१९१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारासाठी नेदरलँड्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ कोर्नेलिस व्हान विसेलिंग यांनी त्स्वेत यांचे नाव सुचवले होते. तो पुरस्कार त्यांना मिळाला नाही.

महायुद्ध, स्थलांतर आणि अखेर

१९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य वॉर्साच्या दिशेने आले आणि त्स्वेत यांची संस्था शहर सोडून गेली. प्रयोगशाळा मागे राहिली. संस्था प्रथम मॉस्को येथे आणि १९१६ मध्ये निझ्नी नोवगोरोद येथे हलवण्यात आली. नव्या जागी वर्ग आणि प्रयोगशाळा उभारण्यातच त्यांची शक्ती खर्च होऊ लागली. संशोधन जवळजवळ थांबले.

१९१७ मध्ये युरिएव्ह (सध्याचे एस्टोनियातील तार्तू) येथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील वनस्पती उद्यानाचे संचालक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना वयाच्या ४५ व्या वर्षी मिळाले. पण १९१८ मध्ये जर्मन सैन्याने तेही शहर व्यापले. विद्यापीठातील रशियन अध्यापक वोरोनेझ येथे गेले आणि त्यांच्याबरोबर त्स्वेतही गेले. तोवर त्यांची प्रकृती ढासळली होती. यादवी युद्धाच्या धामधुमीत २६ जून १९१९ रोजी वोरोनेझ येथे त्यांचे निधन झाले. त्यावेळी ते ४७ वर्षांचे होते.

पुनर्शोध

त्स्वेत यांची पद्धत पूर्ण विस्मृतीत गेली नव्हती. अमेरिकेत लेरॉय पामर यांनी १९१० च्या दशकात दूध आणि लोणी यांचा पिवळेपणा अभ्यासण्यासाठी तिचा उपयोग केला आणि तो रंग गाईच्या चाऱ्यातील कॅरोटिनॉइडांपासून येतो हे दाखवून दिले. परंतु असे अपवाद थोडे होते.

खरे पुनरुज्जीवन जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाले. १९३० मध्ये रिखार्ड कून यांच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर हे तरुण रसायनशास्त्रज्ञ कॅरोटिनॉइडांवर काम करू लागले. कून हे विल्श्टेटर यांचे शिष्य होते. त्स्वेत यांच्या रशियन ग्रंथाचे जर्मन भाषांतर विल्श्टेटर यांनी स्वतःसाठी करून घेतले होते आणि ते कून यांच्याकडे आले होते. ज्यांनी या पद्धतीवर शंका घेतली, त्यांच्याच संग्रहातून ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली. १९३१ मध्ये कून, विंटरश्टाइन आणि लेडरर यांनी अंड्याच्या बलकातील पिवळे द्रव्य कॅल्शियम कार्बोनेटच्या स्तंभावर ल्युटीन आणि झिआझँथीन या दोन घटकांत वेगळे केले. गाजरातील कॅरोटीनचे अल्फा आणि बीटा हे प्रकार त्यांनी ॲल्युमिनाच्या साहाय्याने सुटे केले. एक शुद्ध पदार्थ म्हणून समजले जाणारे द्रव्य स्तंभावर दोन निघते, हे दिसल्यावर काही वर्षांतच युरोपातील प्रयोगशाळांनी ही पद्धत स्वीकारली. कॅरोटिनॉइड आणि जीवनसत्त्वे यांवरील कामासाठी पाउल कारर यांना १९३७ चा आणि कून यांना १९३८ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

१९४१ मध्ये इंग्लंडमधील आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी सिलिका जेलमध्ये धरून ठेवलेले पाणी हीच स्थिर प्रावस्था मानून विभाजन वर्णलेखन विकसित केले. त्याबद्दल त्यांना १९५२ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला.

स्थिर प्रावस्थेची निवड : त्स्वेत यांचा वारसा

त्स्वेत यांनी घालून दिलेले दोन निकष, म्हणजे पदार्थास धक्का न लावणारी आणि बारीक व एकसारखी भुकटी, आजही स्थिर प्रावस्था निवडताना प्रमाण मानले जातात. पकडीचा जोर मुख्यतः ध्रुवीयतेवर अवलंबून असतो. ज्या रेणूत विद्युत्‌भाराची वाटणी असमान असते तो ध्रुवी. अशा रेणूंना सिलिका आणि ॲल्युमिना घट्ट धरतात. हायड्रोकार्बनांसारखे अध्रुवी रेणू लवकर पुढे निघून जातात. कॅरोटीन सर्वांत आधी का उतरते, याचे स्पष्टीकरणही हेच आहे.

सिलिका जेल ही सध्या सर्वांत जास्त वापरली जाणारी स्थिर प्रावस्था आहे. बहुतेक उदासीन आणि किंचित आम्लधर्मी संयुगांसाठी ती योग्य ठरते. तिचा पृष्ठभाग थोडा आम्लधर्मी असल्याने आम्लाने बिघडणारी संयुगे तिच्यावर मोडू शकतात आणि अमाइने अडकून पसरट पट्टे देतात. अशा वेळी द्रावकात ट्रायएथिल अमाइन अल्प प्रमाणात मिसळतात किंवा ॲल्युमिना वापरतात.

ॲल्युमिना आम्लधर्मी, उदासीन आणि अल्कधर्मी अशा तीन प्रकारांत मिळते. अमाइनांसाठी अल्कधर्मी ॲल्युमिना सोयीची असते. मात्र तिच्यावर काही एस्टरांचे जलीय विच्छेदन होऊ शकते. तिच्या पकडीचा जोर तिच्यातील पाण्यावर ठरतो. ब्रोकमान आणि शोडर यांनी १९४१ मध्ये तिच्या पाच श्रेणी ठरवल्या. पूर्ण कोरडी ॲल्युमिना ही पहिली श्रेणी. पाणी मिसळत गेले की पकड सैल होत जाते आणि सुमारे १५ टक्के पाण्याला पाचवी श्रेणी येते. पाणी किंवा अल्कोहोल पकड सोडवते, हे त्स्वेत यांनी पानावर पाहिलेले तत्त्व येथे मापात बांधले गेले.

अतिशय ध्रुवी पदार्थांसाठी उलट प्रावस्था वापरतात. तिच्यात सिलिकाच्या कणांवर लांब हायड्रोकार्बन साखळ्या जोडलेल्या असतात आणि द्रावक म्हणून पाणी व मिथेनॉल यांसारखे ध्रुवी द्रव घेतात. येथे क्रम उलटतो. ध्रुवी पदार्थ आधी उतरतात आणि अध्रुवी मागे राहतात. हरितद्रव्यासारख्या नाजूक पदार्थासाठी मात्र पिठीसाखर आणि सेल्युलोज यांसारख्या सौम्य भुकट्या त्स्वेत यांच्या काळाप्रमाणे आजही उपयोगी पडतात.

स्तंभ भरण्यापूर्वी त्याच भुकटीचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर मिश्रणाचा ठिपका ठेवून चाचणी घेण्याची रीत आहे. द्रावकाने कापलेल्या अंतराच्या तुलनेत हव्या असलेल्या पदार्थाने सुमारे ०.३५ पट अंतर कापावे आणि शेजारचा ठिपका त्यापासून स्पष्ट वेगळा दिसावा, असा द्रावक निवडतात. १९७८ मध्ये क्लार्क स्टिल आणि सहकाऱ्यांनी ४० ते ६३ मायक्रोमीटर आकाराचे सिलिका कण आणि हवेचा हलका दाब वापरून स्तंभाचे काम काही मिनिटांत आटोपण्याची रीत मांडली. त्स्वेत यांनीही आपल्या नळ्यांतून द्रावक ढकलण्यासाठी दाबाचा उपयोग केला होता. भुकटीची निवड चुकली असेल तर दाब वाढवून किंवा स्तंभ लांबवून फारसे साधत नाही. पदार्थ स्तंभातच बिघडत असेल तर मुळीच नाही. त्स्वेत यांच्यावरील टीकेचा इतिहास हाच धडा देतो.

नाव आणि स्मृती

त्स्वेत या रशियन शब्दाचा अर्थ रंग असा होतो, आणि क्रोमॅटोग्राफी हा शब्द रंग आणि लेखन या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनला आहे. आपल्या आडनावाची आठवण त्यांनी त्यात मुद्दाम गुंफली की हा केवळ योगायोग आहे, याविषयी अभ्यासक तर्क करतात. रंगहीन पदार्थांवरही ही पद्धत चालेल, हे त्स्वेत यांनी ओळखले होते. आज वेगळे केले जाणारे बहुसंख्य पदार्थ रंगहीनच असतात. तरीही नाव टिकून आहे.

वोरोनेझ येथील आकातोव मठाच्या आवारात त्यांची स्मृतिशिला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी गाळण कागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका ठेवतात, पट्टीचे टोक पाण्यात बुडवतात आणि ठिपक्यातून निळा, तांबडा, पिवळा असे रंग वर सरकताना पाहतात. त्स्वेत यांनी पानाच्या कोड्यासाठी पहिल्यांदा हाती घेतली ती वस्तूही हाच साधा गाळण कागद होती.